तापणाऱ्या साखळीचा हिशेब

राजगडाच्या बालेकिल्ल्यावरून स्वच्छ हवेत तोरणा, सिंहगड, पुरंदर आणि भोरजवळचा रोहिडा एकाच जागेवरून दिसतात. दुर्गप्रेमींना हे गड म्हणजे शिवकाळाची साक्ष वाटते. भूमापन करणाऱ्याला मात्र त्यात त्रिकोण दिसतात. त्रिकोणाची एक बाजू जमिनीवर मोजली आणि कोन दुर्बिणीतून टिपले, की उरलेल्या बाजू गणिताने काढता येतात. त्या बाजूंवर पुढचे त्रिकोण उभे राहतात. तोरण्याची १,४०३ मीटर ही उंची असो, की भोर-वेल्ह्याच्या डोंगराळ मुलखाचे नकाशे असोत, त्यांच्यामागे त्रिकोणांची अशीच एक साखळी आहे. या साखळीची पहिली कडी घडविणारे लेफ्टनंट कर्नल विल्यम लॅम्बटन महाराष्ट्राच्याच मातीत, वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे चिरनिद्रा घेत आहेत.

इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यातील एका सामान्य कुटुंबात जन्मलेले लॅम्बटन गणिताच्या बळावर पुढे आले. सैन्यात भरती झाल्यावर त्यांची बरीच वर्षे उत्तर अमेरिकेत गेली. १७९६ मध्ये ३३व्या पलटणीबरोबर ते भारतात आले. टिपू सुलतानाविरुद्धच्या १७९९च्या युद्धात एका रात्री फौज दक्षिणेऐवजी उत्तरेकडे, म्हणजे थेट शत्रूच्या छावणीकडे निघाली होती. आकाशातील ताऱ्यांवरून ही चूक लॅम्बटन यांनी ओळखली आणि जनरल बेअर्ड यांना वेळीच सावध केले.

युद्ध संपताच त्यांनी दक्षिण भारताच्या शास्त्रशुद्ध मोजणीची योजना मांडली. १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या पायथ्याशी सुमारे साडेसात मैलांची पायारेषा मोजण्यास प्रारंभ झाला. हाताशी होती शंभर फूट लांबीची पोलादी साखळी, अडीच फुटांच्या चाळीस कड्यांची. चीनच्या बादशहाला भेट देण्यासाठी नेलेली आणि तेथे नाकारली गेलेली ही साखळी फिरत फिरत भारतात पोहोचली होती.

खरी अडचण होती मद्रासच्या उन्हाची. पोलाद तापले की वाढते. शंभर फुटांची साखळी तापमान एक अंश सेल्सिअसने चढले, तर सुमारे एक तृतीयांश मिलिमीटरने लांबते. ही वाढ डोळ्यांना दिसतही नाही. परंतु साडेसात मैलांत ती साखळी सुमारे चारशे वेळा अंथरावी लागते. तापमानाचा अंदाज दहा अंशांनी चुकला, तर संपूर्ण रेषेत सव्वा मीटरहून अधिक फरक पडतो. पहिल्याच बाजूतील ही चूक पुढच्या प्रत्येक त्रिकोणात उतरते.

लॅम्बटन यांनी त्यावर उपाय योजले. तिकाट्यांवर लाकडी पन्हळी ठेवून, दुर्बिणीतून त्या एका रेषेत आणून साखळी त्यांत अंथरली जाई. वर सावली धरली जाई. प्रत्येक वेळी तापमापकांवरील आकडे टिपून लांबीत दुरुस्ती केली जाई. दुसरी एक साखळी वापरात न आणता केवळ ताडून पाहण्यासाठी जपून ठेवलेली होती. एवढ्याशा अंतरासाठी ५७ दिवस लागले. धातूवर विसंबायचे नाही, त्याच्या प्रत्येक हालचालीचा हिशेब ठेवायचा, हा त्यांचा नियम होता.

कोन मोजण्याचे थिओडोलाइट हे यंत्र लंडनच्या विल्यम कॅरी यांनी घडविले होते. त्याचे वजन सुमारे अर्धा टन, तर आडव्या चक्राचा व्यास ३६ इंच होता. ते आणणारे जहाज फ्रेंचांनी पकडून मॉरिशसला नेले. मात्र तेथील फ्रेंच गव्हर्नरांनी ते यंत्र सन्मानपूर्वक मद्रासला धाडले. १८०८ मध्ये तंजावरच्या मंदिराच्या गोपुरावर चढविताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळले. चक्र वाकले. दुसरा कोणी असता, तर मोहीम तिथेच थांबली असती. लॅम्बटन यांनी तंबूत स्वतःला कोंडून घेतले आणि सहा आठवडे पाचरी, स्क्रू व कप्प्यांच्या साह्याने ते चक्र इंच इंच ओढत पूर्ववत केले. त्याच यंत्राने पुढील मोजणी झाली.

पुढे कन्याकुमारीजवळून बिदर परिसरापर्यंत सुमारे दहा अक्षांशांची रेषा पूर्ण झाली. १८१७ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना फेलो म्हणून निवडले. १८१८ मध्ये त्यांच्या कार्यास ‘ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे’ हे नाव मिळाले. तोवर वय आणि खोकला दोन्ही बळावले होते. हैदराबादहून नागपूरकडे जात असताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे त्यांनी देह ठेवला.

त्यांचे सहायक जॉर्ज एव्हरेस्ट यांनी उष्णतेच्या प्रश्नाला पुढचे उत्तर आणले. १८३० मध्ये ते थॉमस कोल्बी यांच्या रचनेच्या पट्ट्या घेऊन परतले. लोखंड आणि पितळ यांच्या पट्ट्या मध्यभागी जोडलेल्या, टोकांना मोकळ्या. पितळ लोखंडापेक्षा अधिक वाढते. दोन्हींच्या टोकांना जोडणाऱ्या जिभळीवर असा एक बिंदू असतो, की पट्ट्या तापल्या तरी तो जागचा हलत नाही. एका पट्टीपासून दुसरीपर्यंतचे अंतर सूक्ष्मदर्शकांनी जुळवले जाई. दुरुस्तीची जागा आता रचनेने घेतली होती. पुढे हे जाळे पश्चिमेकडे मुंबईपर्यंत पोहोचले.

१८६५ मध्ये जगातील सर्वोच्च शिखराला एव्हरेस्ट यांचे नाव मिळाले. लॅम्बटन यांच्या वाट्याला आली ती हिंगणघाटची कबर. त्यांनी हाताळलेला प्रश्न मात्र सुटून गेलेला नाही. आजही जगभर लांबीची अचूक मापे २० अंश सेल्सिअसला धरली जातात. भोरचा फाटा मागे टाकून शिरवळकडे जाणाऱ्या पुणे-सातारा मार्गालगत आज कारखाने उभे आहेत. सूक्ष्म मापांचे सुटे भाग तपासायचे, तर आधी खोलीचे तापमान स्थिर करावे लागते. दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी मद्रासच्या उन्हात तापमापक हाती घेऊन उभ्या असलेल्या त्या माणसाने नेमके हेच ओळखले होते.