दासीने रेखाटलेला महाराष्ट्र

परभणी जिल्ह्यातील गंगाखेड हे गोदावरीकाठचे गाव. मराठवाड्यात गोदावरीला गंगाच म्हणतात आणि गावाचे नावही त्या गंगेवरूनच पडलेले आहे. नामदेवांचे नरसी, ज्ञानदेवांच्या पूर्वजांचे आपेगाव आणि एकनाथांचे पैठण ज्या मुलखात आहे, त्याच मुलखात तेराव्या शतकात या गावी एका अत्यंत सामान्य घरात जनीचा जन्म झाला. परंपरा तिच्या वडिलांचे नाव दमा आणि आईचे नाव करुंड असे सांगते. घर शूद्र गणल्या गेलेल्यांचे होते, पण विठ्ठलभक्तीचे होते. जनीची जन्मतिथी कोणी नोंदवून ठेवलेली नाही. अशा घरातल्या मुलीची जन्मतिथी नोंदवून ठेवण्याचा तो काळही नव्हता.

जनी लहान असतानाच आईचे छत्र हरपले. वडिलांनी तिला पंढरपुरास आणले आणि दामाशेटी शिंपी यांच्या घरी ठेवले, अशी एक कथा आहे. दुसऱ्या कथेनुसार, यात्रेला आलेली ही पोर विठ्ठलाच्या देवळातून परत निघायलाच तयार होईना. तेव्हा दामाशेटींनी तिला आपल्या घरी नेले. कथा कोणतीही मानली तरी शेवट एकच आहे. गंगाखेडची पोरकी मुलगी पंढरपुरात दासी झाली. आई गेली, बाप गेला, आता सांभाळ करणारा विठ्ठलच, हा भाव तिच्या अभंगांत पुढे वारंवार आला, तो या अनुभवातूनच.

दामाशेटींच्या घरातला मुलगा म्हणजे नामदेव. एका परंपरेनुसार जनी नामदेवांपेक्षा वयाने मोठी होती आणि त्यांना अंगाखांद्यावर खेळवणाऱ्यांत तीही होती. घर मोठे होते. जनीच्या नावावरील एका अभंगात या घराची जणू शिरगणतीच आली आहे. गोणाई, राजाई, दामाशेटी, नामदेव, त्यांचे चार पुत्र, चार सुना, लेक, बहीण अशी सारी नावे घेऊन झाल्यावर शेवटी दासीचे नाव येते. दळण, कांडण, सडासारवण, पाणी भरणे, धुणे धुणे, गोवऱ्या थापणे हा तिचा दिवसभराचा उद्योग होता. तिची कविता या कामांच्या बाहेर कधी गेली नाही, आणि तिला जाण्याची गरजही भासली नाही. जात्याच्या खुंट्याला दुसरा हात विठ्ठलाचा लागतो, तो शेण वेचायला येतो, तिची वेणीफणी करतो, अशी चित्रे तिने रेखाटली. देवाला कष्टकऱ्यांच्या ओळीत आणून बसवणारी अशी कविता मराठीत तोवर झालेली नव्हती.

हा काळ राजकीयदृष्ट्या मोठ्या उलथापालथीचा होता. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, तेव्हा देवगिरीवर यादवांचे राज्य होते. १२९६ मध्ये ज्ञानदेवांनी समाधी घेतली. त्याच सुमारास अल्लाउद्दीन खिलजीची स्वारी देवगिरीवर येऊन गेली. पुढच्या वीस-बावीस वर्षांत यादवांचे राज्य संपले. १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकाने राजधानी दौलताबादेस हलवली आणि १३४७ मध्ये बहामनी सत्ता स्थापन झाली. जनीने पाहिलेला महाराष्ट्र असा होता. मराठी बोलणाऱ्यांना आपले म्हणता येईल असे राज्य उरलेले नव्हते. मराठी माणसाची ओळख मात्र याच काळात घट्ट होत गेली. या ओळखीला राजधानी नव्हती. तिला वाट होती, ती पंढरीची.

त्या ओळखीचे सर्वांत बोलके चित्र जनीच्या नावावर आहे. लेकुरवाळ्या विठोबाच्या अभंगात तिने विठ्ठलाला मुलांनी वेढलेल्या कुटुंबप्रमुखाच्या रूपात उभे केले आहे. खांद्यावर निवृत्ती, हाताला धरलेला सोपान, पुढे चालणारा ज्ञानेश्वर, मागे मुक्ताई, मांडीवर गोरा कुंभार, कडेवर बंका, जिवाशी चोखा आणि करंगळी धरून नामदेव. कुंभार, शिंपी, महार आणि समाजाने बहिष्कृत केलेल्या संन्याशाची मुले एकाच घरची लेकरे आहेत, असे हे चित्र सांगते. पुढे दिनदर्शिकांवर, देवघरांतील तसबिरींवर, शाळांच्या भिंतींवर हे चित्र इतके छापले गेले, की ते मूळचे एका दासीच्या कल्पनेतून उतरले आहे, याचे भानही अनेकांना राहिले नाही. विशेष म्हणजे या कुटुंबचित्रात तिने स्वतःला कोठेही जागा दिलेली नाही.

तिच्या नावावरील दुसरा एक अभंग इतिहासाच्या अभ्यासकांना महत्त्वाचा वाटतो. कोणत्या संताचे अभंग कोणी लिहून घेतले, याची त्यात यादीच आहे. निवृत्तीनाथांचे बोल सोपानदेवांनी लिहिले, मुक्ताईचे ज्ञानदेवांनी, चांगदेवांचे शामा कासाराने आणि चोखामेळ्याचे अनंतभट्टाने, असे ती सांगते. अस्पृश्य मानलेल्या संताचे शब्द एका भटाने कागदावर उतरवले, ही नोंद सातशे वर्षांपूर्वीच्या समाजाविषयी बरेच काही सांगून जाते. स्वतःच्या बाबतीत मात्र तिने लेखक म्हणून पांडुरंगाचेच नाव घातले आहे. भक्त या ओळीत देवाची कृपा पाहतो. दासीचे बोल लिहून घ्यायला माणूस कोण येणार, हा प्रश्नही त्याच ओळीत दडलेला आहे.

सकल संतगाथेत जनीच्या नावावर साडेतीनशेच्या आसपास अभंग मिळतात. कृष्णजन्म, बाळक्रीडा, थाळीपाक, प्रल्हादचरित्र आणि हरिश्चंद्राख्यान अशी कथात्मक रचनाही तिच्या नावावर आहे. नाममुद्रा मात्र सर्वत्र धन्याच्या नावाने येते: नामयाची दासी, नामयाची जनी. यांतील सर्व रचना एकाच व्यक्तीची आहे काय, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. कीर्तनाच्या परंपरेत अनेकांनी तिच्या नावाने भर घातली असणे शक्य आहे. तसे असले तरी त्यातून एक गोष्ट सिद्ध होते. आपला शब्द जनीच्या नावाने जावा, असे पुढच्या पिढ्यांतील अनामिकांना वाटावे, एवढे मोल त्या नावाला आले होते.

या अभंगांतील जनी नेहमीच नम्र नाही. विठ्ठल भेटत नाही म्हणून ती त्याला शिव्या घालते, त्याच्या मरणाची भाषा करते. लोकलज्जा सोडून, डोक्यावरचा पदर ढळला तरी पर्वा न करता, टाळ-वीणा घेऊन पंढरीच्या भर पेठेत उभे राहण्याचा निर्धार ती बोलून दाखवते. स्वतःसाठी ती जी उपमा वापरते, ती त्या काळी कुलीन म्हणवणाऱ्या स्त्रीने उच्चारलीही नसती. स्त्रीचा जन्म मिळाला म्हणून खंत करू नये, असेही तिने सांगून ठेवले आहे. परंपरेनुसार शके १२७२, म्हणजे इ. स. १३५० मध्ये आषाढ वद्य त्रयोदशीला पंढरपूरच्या महाद्वारी नामदेवांनी समाधी घेतली आणि त्याच वेळी जनीनेही देह ठेवला.

यानंतर तिचे दुसरे आयुष्य सुरू झाले, ते इतरांनी सांगितलेले. ताहराबादच्या महिपतींनी १७६२ मध्ये भक्तविजय पूर्ण केला आणि जनीच्या कथा घरोघर पोचवल्या. विठ्ठल रात्री जनीकडे आला, जाताना आपला अलंकार विसरला आणि तिची वाकळ पांघरून गेला. बडव्यांनी चोरीचा आळ घेतला. चंद्रभागेच्या वाळवंटात सूळ रोवला गेला आणि त्याचे पाणी झाले, ही कथा आजही कीर्तनांत रंगते. तिच्या गोवऱ्यांतून विठ्ठलनामाचा ध्वनी निघत असे आणि तो ऐकून कबीर थक्क झाले, असेही सांगितले जाते. कबीर जनीनंतर सुमारे शंभर वर्षांनी झाले. काळाचे गणित चुकवूनही लोकांना आपल्या दासीची थोरवी उत्तरेच्या संताकडून वदवून घ्यावीशी वाटली, हे लक्षणीय आहे. नामदेव स्वतः उत्तरेत गेले आणि त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आली. जनी मात्र मराठीतच राहिली.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस राष्ट्रवादाचा विचार रुजू लागला, तेव्हा संतांकडे नव्या दृष्टीने पाहिले गेले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १९०० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मराठी सत्तेच्या उदयावरील आपल्या ग्रंथात संतांच्या चळवळीची तुलना युरोपातील धर्मसुधारणेशी केली आणि शिवकालीन स्वराज्याची मनोभूमी संतांनी तयार केली, असे मत मांडले. इतिहासाचार्य राजवाडे यांना हे मान्य नव्हते. संतांनी समाज निवृत्तीकडे नेला, असे ते म्हणत. वाद दोन्ही बाजूंनी अटीतटीने चालला. संत राष्ट्राच्या उपयोगी पडले की नाही, हा त्याचा विषय होता. दळणकांडण करणाऱ्या स्त्रीला त्या राष्ट्रात कोणते स्थान असेल, हा प्रश्न त्यात फारसा आला नाही.

चित्रपटाने ही प्रतिमा आणखी दूर नेली. प्रभात फिल्म कंपनीचा एकनाथांवरील चित्रपट आधी महात्मा या नावाने निघाला होता. गांधीजींचा संदर्भ टाळण्यासाठी सेन्सॉरने ते नाव बदलायला लावले आणि १९३५ मध्ये तो धर्मात्मा या नावाने झळकला. संतपट हे राष्ट्रीय भावनेचेही वाहन आहे, हे परकीय सत्तेने ओळखले होते. १९३६ च्या संत तुकारामची पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात वाखाणणी झाली. स्वातंत्र्यानंतर, १९४९ मध्ये संत जनाबाई पडद्यावर आला. जनीची भूमिका हंसा वाडकर यांनी केली होती. चित्रपट, आकाशवाणी, ध्वनिमुद्रिका आणि पाठ्यपुस्तके या सर्वांनी मिळून जनी घराघरांत नेली. मात्र ही जनी बहुतेक वेळा जात्यापाशी बसलेली, सोशिक, डोळे मिटून गाणारी असे. विठ्ठलाशी भांडणारी आणि भर पेठेत उभी राहणारी जनी चौकटीबाहेर राहिली.

तिच्या जन्मगावात या काळात मराठी ओळखीचा प्रश्न अगदी रोजच्या जगण्यातला होता. गंगाखेड निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. राज्यकारभाराची भाषा उर्दू होती आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. कचेरीत आणि उच्च शिक्षणात जिला स्थान नव्हते, ती मराठी वारीत, कीर्तनात आणि जात्यावरच्या ओवीत टिकून राहिली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्याची स्थापना झाली. मराठवाड्यातील मराठी माणूस ही भाषा घेऊन महाराष्ट्रात आला, त्याचे बरेच श्रेय पहाटे दळणाऱ्या अनाम स्त्रियांकडे जाते. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हँ यांनी पुढे गावोगावच्या स्त्रियांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या ओव्यांत जनी आहे; ती संत म्हणून येते, त्याहून अधिक सखी म्हणून येते.

ज्यांचा विठोबा पंढरीला जायला लावतो, त्यांचा तो महाराष्ट्र, अशा आशयाची ओळख इरावती कर्वे यांनी वारीवरील आपल्या लेखात मांडली. त्याच लेखात त्यांनी दिंड्यांमधील जातवार पंगतींबद्दलची खंतही नोंदवली. जनीच्या चित्रात चोखा विठ्ठलाच्या जिवाशी आहे. प्रत्यक्षात चोख्याच्या वारसांना विठ्ठलमंदिराचे दार उघडण्यासाठी साने गुरुजींना मे १९४७ मध्ये पंढरपुरात दहा दिवस प्राणांतिक उपोषण करावे लागले. चित्र आणि वास्तव यांत सहाशे वर्षांचे अंतर होते.

गंगाखेडला आज जनाबाईंचे मंदिर आहे. पंढरपूरजवळ गोपाळपुरात भाविकांना त्यांचे जाते दाखवले जाते आणि दर्शनाला आलेल्या स्त्रिया ते हाताने फिरवून पाहतात. महाराष्ट्राचा उल्लेख ज्ञानोबा-तुकोबांचा म्हणून केला जातो, त्यात जनीचे नाव येत नाही. मराठी असणे म्हणजे काय, हे राज्य नसलेल्या काळात एका कुटुंबाच्या रूपात दाखवण्याचे काम मात्र गंगाखेडच्या या दासीने केले. त्या कुटुंबात कोण लेकरू आणि कोण परके, याचा वाद जेव्हा जेव्हा उठतो, तेव्हा कडेवर, खांद्यावर आणि मांडीवर साऱ्यांना घेतलेला तिचा विठोबाच साक्षीला काढावा लागतो.