पेन्शनर गोपाळबाबांचा अर्ज

फौजेतून रिटायर झालेला माणूस सरकारकडे अर्ज करतो तो सहसा स्वतःसाठी. पेन्शन कमी लागली, बढतीची तारीख चुकली, एखाद्या मेडलची नोंद सर्व्हिस रेकॉर्डमध्ये राहूनच गेली. आमच्या रोहिणखेडसारख्या गावात कुठल्याही फौजी काकांना विचारा, ते सगळं सांगतील. आधी रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र, मग बुलडाण्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चक्कर, मग पुन्हा पत्र.

१८९४ मध्ये कोकणातल्या दापोलीत एका पेन्शनर फौजीने असाच एक अर्ज तयार केला. पण त्यात स्वतःसाठी एक पैसाही मागितलेला नव्हता. आमच्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या केलेली नोकरी तुम्ही विसरलात, ती लक्षात घ्या आणि आमच्या पोरांसाठी भरती पुन्हा उघडा, असं त्याचं म्हणणं होतं. अर्ज करणारे होते गोपाळबाबा वलंगकर. एमपीएससीच्या गाईडमध्ये हे नाव तुम्ही पाहिलं असेल. तिथे त्यांच्या वाट्याला एखादी ओळ येते, विटाळ विध्वंसन लिहिणारे म्हणून. पाठ करायची आणि पुढच्या समाजसुधारकाकडे जायचं.

गोपाळबाबांचा जन्म साधारण १८४० चा, महाडजवळच्या रावढळ गावात, महार कुटुंबात. पूर्ण नाव गोपाळनाक विठ्ठलनाक वलंगकर. यातला ‘नाक’ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. तरुणपणी ते पलटणीत गेले. त्या काळी कोकणातल्या महार पोरांसाठी गावकीच्या कामातून सुटायचा तो मोठा रस्ता होता. ठरलेला पगार, अंगावर वर्दी आणि मुख्य म्हणजे लिहायला-वाचायला शिकायची सोय. गावात शाळेच्या पायरीवरही ज्याला उभं केलं नसतं, तो छावणीत अक्षर ओळखायला लागायचा. मला विचाराल तर गोपाळबाबांच्या पुढच्या आयुष्याचं बी इथेच पडलं असणार.

१८८६ मध्ये निवृत्त होऊन ते दापोलीला राहायला आले. दापोलीला तेव्हा कॅम्प दापोली म्हणायचे आणि तिथे पेन्शनर फौजींची मोठी वस्ती होती. काही वर्षांनी सुभेदार रामजी सकपाळ म्हणजे बाबासाहेबांचे वडील, तेही निवृत्तीनंतर कुटुंबासह इथेच येऊन राहिले.

रिटायर झाल्यावर घराच्या ओट्यावर बसून लढायांच्या गोष्टी सांगायचं वय. गोपाळबाबांनी मात्र लेखणी धरली. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक विचाराने ते झपाटले होते. ‘दीनबंधू’त लिहीत, ‘सुधारका’त लिहीत, पदं रचत. १८८८-८९ च्या सुमारास त्यांचं ‘विटाळ विध्वंसन’ आलं. त्यात उपदेश नाही, २६ प्रश्न आहेत, तेही थेट समाजातल्या वरच्या थरातल्या शिकलेल्या लोकांना विचारलेले. अस्पृश्यता कुठून आली, कुठल्या आधारावर चालते, उत्तर द्या. आजच्या भाषेत, प्रश्नपत्रिका काढली आणि पेपर विद्वानांपुढे ठेवला. याच सुमारास त्यांनी ‘अनार्य दोष परिहारक मंडळी’ ही संस्थाही सुरू केली.

आता त्या अर्जाकडे येऊ. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

मुंबई इलाख्याच्या सैन्यात महारांची भरती कंपनी सरकारच्या काळापासून होत होती. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईनंतर भीमेकाठी जो स्तंभ उभा राहिला, त्यावर मेलेल्या सैनिकांची नावं कोरली आहेत. त्यातली २२ नावं महार सैनिकांची, शेवटी ‘नाक’ असलेली. याच लढाईच्या मेडलची गोष्ट ऐका. ‘आर्मी ऑफ इंडिया मेडल’ मंजूर झालं १८५१ मध्ये, म्हणजे लढाईनंतर ३३ वर्षांनी. त्यात कोरेगावच्या नावाची वेगळी पट्टीही होती. पण ते मिळणार फक्त तोवर जिवंत असलेल्यांना. ३३ वर्षं! विशीत लढलेला शिपाई तोवर पन्नाशी ओलांडून गेलेला, आणि त्या काळात किती जण तेवढं जगत होते?

तरी दगडावर नाव होतं. १८९० नंतर पुढच्या पिढीला तेही मिळणार नव्हतं. लॉर्ड रॉबर्ट्स हे १८८५ ते १८९३ या काळात हिंदुस्थानचे सरसेनापती होते. काही जाती जन्मानेच लढवय्या असतात आणि बाकीच्या नसतात, असं त्यांचं ठाम मत. रशिया वायव्येकडून उतरेल ही भीती होती, म्हणून पंजाबी, पठाण, गुरखे यांच्याकडे सैन्याचं लक्ष वळलं. मद्रास आणि मुंबईच्या जुन्या पलटणींची किंमत उतरली. जातवार पलटणी बांधायचं ठरलं आणि १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. कारण काय, तर हे लढवय्ये नाहीत. म्हणजे ज्यांच्या आजोबांची नावं स्तंभावर आहेत, त्यांच्याच नातवांना अपात्र ठरवलं.

गोपाळबाबांची स्वतःची नोकरी संपलेली होती. पेन्शन सुरू होती. या भरतीबंदीने त्यांचं व्यक्तिशः काही जाणार नव्हतं. उलट जे सरकार दरमहा पेन्शन देतं, त्याच्याच लष्करी धोरणाविरुद्ध लिहिण्यात धोका होता. तरी मंडळीच्या वतीने त्यांनी मुंबईच्या सरसेनापतींसाठी अर्ज तयार केला. भरती बंद होणं म्हणजे पगार, शाळा, पेन्शन हे सगळंच बंद होणं आणि पोरांनी परत गावकीच्या कामाला जुंपलं जाणं, हे त्यांना आतून माहीत होतं.

अर्जातला एक मुद्दा वाचून मी जरा थबकले. त्यात म्हटलंय की महार मुळात क्षत्रिय, १३९६ च्या दुर्गादेवीच्या दुष्काळात मिळेल ते खावं लागलं म्हणून ते खाली ढकलले गेले. एकीकडे हेच गोपाळबाबा सांगत होते की अस्पृश्य हे इथले मूळचे अनार्य आणि जात ही आर्यांनी लादलेली. मग क्षत्रिय कसे? दोन्ही गोष्टी एकत्र बसत नाहीत. पण अर्ज कुणाला लिहायचाय ते बघा. समोरचा साहेब फक्त लढवय्या जात ही एकच भाषा समजतो. त्याच्या ऑफिसात त्याच्याच फॉर्ममध्ये बसेल असं लिहावं लागतं. बरोबर होतं का, यावर वाद घालता येईल. मला तरी त्यांची अडचण समजते.

भरती उघडली नाही.

गोपाळबाबा काही गप्प बसले नाहीत. १८९५ मध्ये सरकारने त्यांची महाडच्या तालुका लोकल बोर्डावर नेमणूक केली. एक महार माणूस आपल्याबरोबर बैठकीला बसणार म्हणून बाकीच्या उच्चवर्णीय सभासदांनी कुरबूर केली. आयुष्यभर पलटणीत कवायत केलेल्या माणसाला आता एका खोलीत बसण्यासाठी झगडावं लागलं. याच महाडात पुढे २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. तो पाहायला गोपाळबाबा नव्हते. १९०० मध्ये रावढळला त्यांचं निधन झालं होतं.

अर्ज मात्र दुसऱ्यांच्या हातात गेला. १९१० मध्ये पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी तीच मागणी थेट लंडनला, भारतमंत्र्यांपर्यंत नेली. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडायला लागली तेव्हा सरकारला अचानक महार आठवले. १९१७ मध्ये भरती उघडली, १११ वी महार पलटण उभी राहिली, आणि युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये मोडूनही टाकली. काम झालं, घरी जा. दुसऱ्या महायुद्धात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर होते, त्यांनी हा विषय लावून धरला. १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट सुरू झाली. तिच्या टोपीवरच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता.