शुगर मोजा, लिहा, मग ठरवा : डायबेटिसला शिस्त लावणारे डॉ. जॉस्लिन

घरातल्या कुणाला डायबेटिस असेल आणि भलत्याच कारणासाठी ॲडमिट व्हावं लागलं, तर हे दृश्य ठरलेलं. नर्स येते, बोटाला टोचते, आकडा बघते आणि इन्सुलिन देते. पण कोणत्या आकड्याला किती इन्सुलिन, हे ठरतं कशावरून? डॉक्टरांच्या अंदाजावरून, की ठरलेल्या नियमांवरून? हा वाद जुना आहे आणि त्यात एक नाव सगळ्यात आधी येतं. डॉ. एलियट जॉस्लिन.

त्यांचा जन्म १८६९ चा, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या ऑक्सफर्ड गावचा. १८९५ मध्ये हार्वर्डमधून ते डॉक्टर झाले. विद्यार्थी असतानाच त्यांनी एक सवय लावून घेतली होती. डायबेटिसचा प्रत्येक पेशंट वहीत नोंदवायचा. काय खाल्लं, लघवीत साखर किती, पुढे काय झालं, सगळं. थोड्याच वर्षांत या वहीत त्यांच्या आईचंही नाव आलं. कडक आहाराच्या जोरावर ती निदानानंतर दहाहून जास्त वर्षं जगली.

इन्सुलिन तेव्हा नव्हतं. डायबेटिस झालेली लहान मुलं एक-दोन वर्षांत दगावायची. अशा काळात, १९१६ मध्ये, जॉस्लिन यांनी आपल्या हजार पेशंटच्या नोंदींवरून डॉक्टरांसाठी पुस्तक लिहिलं. दोन वर्षांनी दुसरं पुस्तक आलं, तेही डॉक्टर आणि पेशंट दोघांसाठी. पेशंटच्या हातात नियम देणं ही त्या काळी नवी गोष्ट होती.

१९२२ मध्ये इन्सुलिन आलं. अनेकांना वाटलं, प्रश्न मिटला. जॉस्लिन यांना मात्र तसं वाटलं नाही. त्यांच्या मते आहार, व्यायाम आणि इन्सुलिन हे एकाच रथाचे तीन घोडे होते. बोस्टनच्या डिकनेस हॉस्पिटलमध्ये त्यांनी नर्सेसना तयार केलं. पेशंट तिथे लघवी तपासायला, इंजेक्शन घ्यायला आणि पाय जपायला शिकूनच घरी जायचे.

त्यांना विरोधही झाला. न्यूयॉर्कचे एडवर्ड टॉल्स्टॉय यांच्यासारख्या डॉक्टरांचं म्हणणं होतं की पेशंटला बरं वाटत असेल, तर थोडी साखर राहिली म्हणून बिघडत नाही. पक्का पुरावा दोघांकडेही नव्हता. १९६२ मध्ये, ९२ व्या वर्षी जॉस्लिन गेले, तेव्हाही वाद तसाच होता.

निकाल लागला १९९३ मध्ये. टाइप १ डायबेटिसच्या १,४४१ पेशंटवरच्या अभ्यासात दिसलं की शुगर काटेकोर ठेवली तर डोळे, किडन्या आणि नसांचं नुकसान बरंच टळतं. जॉस्लिन बरोबर होते.

पण गोष्ट इथे संपत नाही. हाच काटेकोरपणा आयसीयूत लावला तर? २००९ च्या एका मोठ्या अभ्यासात उलटंच दिसलं. गंभीर पेशंटची शुगर फार खाली ठेवली, तर मृत्यू वाढले. म्हणून आज आयसीयूतल्या बहुतेक पेशंटसाठी १४० ते १८० हे लक्ष्य मानलं जातं.

वॉर्डातली एक जुनी पद्धतही मागे पडायला हवी होती. आकडा वाढला की तेवढ्यापुरतं इन्सुलिन द्यायचं, म्हणजे शुगर आधी वाढू द्यायची आणि मग तिच्या मागे धावायचं. फक्त याच पद्धतीवर राहू नका, असं गाईडलाईन्स सांगतात. दिवसभर पुरणारं इन्सुलिन आणि जेवणाआधीचं इन्सुलिन असं मिळून दिलं तर शुगर जास्त आटोक्यात राहते, हे २००७ च्या एका अभ्यासात दिसलं. तरी सोपी म्हणून जुनी पद्धत अजूनही अनेक ठिकाणी चालते.

तेव्हा घरचं कुणी ॲडमिट असेल तर डॉक्टरांना दोन गोष्टी जरूर विचारा. शुगरचं लक्ष्य काय ठरवलंय आणि इन्सुलिनचा प्लॅन काय आहे? जॉस्लिन यांच्या काळातले आकडे आज बदललेत. पण मोजायचं, लिहायचं आणि मगच ठरवायचं, हा त्यांच्या वहीतला धडा बदललेला नाही.