औंधच्या राजाचा बिनखर्ची व्यायाम

व्यायाम म्हटला की साहित्य आले, खुराक आला, तालीम आली, अशी पूर्वी समजूत होती. सामान्य माणसाच्या मनातून ती काढण्यासाठी ज्याने आयुष्य वेचले, तो स्वतः राजा होता. औंधचे श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी.

२४ ऑक्टोबर १८६८ हा त्यांचा जन्मदिवस. शिक्षण बी. ए. पर्यंत. १८९७ च्या सुमारास त्यांनी युरोपात गाजणाऱ्या सँडोची पुस्तके आणि साधने मागवली व सुमारे दहा वर्षे नेमाने मेहनत केली. पुढे मिरजेचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पटवर्धन यांच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले. सतरंजीएवढी जागा पुरते, साधन काहीच लागत नाही, आणि शरीराबरोबर श्वास व मंत्रोच्चारही चालतो, हे त्यांना मनोमन पटले.

१९०९ मध्ये ते गादीवर आले. संस्थान अवघे ७२ गावांचे, तेही विखुरलेले. राजधानी औंध आजच्या सातारा जिल्ह्यात, तर आटपाडी आणि कुंडल सांगली जिल्ह्यात. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी माळरान देणारे, १९३९ मध्ये प्रजेच्या हाती कारभार सोपवणारे आणि आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला कैद्यांची खुली वसाहत वसू देणारे राजे ते हेच. संस्थानातल्या शाळांत त्यांनी सूर्यनमस्कार सुरू केले. मराठी-इंग्रजीत पुस्तके लिहिली. १९३८ मध्ये लुईझ मॉर्गन या पत्रकार बाईंच्या साहाय्याने त्यांचे पुस्तक लंडनहून निघाले.

प्रचारकाचा उत्साह त्यांच्या ठायी होता. नमस्कारांनी बहुतेक व्याधी हटतात, अशी त्यांची श्रद्धा. ती जशीच्या तशी स्वीकारता येणार नाही. पण रोजच्या, झेपेल एवढ्या श्रमाविषयीचा त्यांचा आग्रह आजच्या जीवरसायनशास्त्राच्या कसोटीला उतरतो.

श्रम करताना पेशी जास्त प्राणवायू वापरतात आणि त्यातून अपाय करू शकणारे क्रियाशील रेणू तयार होतात. हा मारा रोजचा पण बेताचा असला, तर त्यांचा बंदोबस्त करणारी विकरे शरीर स्वतःच वाढवते. हीच आपली अँटिऑक्सिडंट संरक्षणव्यवस्था. जर्मन संशोधकांनी २००९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. चार आठवडे व्यायाम करणाऱ्या तरुणांपैकी काहींना क आणि ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा दिल्या. गोळ्या न घेणाऱ्यांच्या शरीरात ही संरक्षक यंत्रणा जागी झाली. घेणाऱ्यांच्या शरीरात व्यायामाचा तो लाभ दबला. बाहेरून आयती मदत आल्याने शरीराचा धडा अर्धवट राहिला, असाच याचा अर्थ.

मनावरच्या ताणाचेही काहीसे तसेच. संथ, लयबद्ध श्वासाने नाडीचे ठोके मंदावतात. योगाभ्यास करणाऱ्यांच्या रक्तात ग्लुटाथायोन हे संरक्षक द्रव्य वाढल्याचे काही अभ्यासांत आढळले. मात्र हे अभ्यास लहान आहेत, आणि केवळ सूर्यनमस्कारांचा वाटा त्यातून वेगळा काढता येत नाही. एवढे भान ठेवलेले बरे.

१९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि १३ एप्रिल १९५१ रोजी बाळासाहेब निवर्तले. आज ताण घालवणारी सुगंधी तेले आणि अँटिऑक्सिडंटच्या महागड्या बाटल्या दुकानोदुकानी मिळतात. ज्याला हे सारे सहज विकत घेता आले असते, त्या राजाने प्रजेला मात्र पैसा न लागणारी सवय दिली. गुण येतो तो रोज पहाटे उठून ती पाळली तरच.