मेरी फॉस्टर : सारनाथच्या विहारामागची दायिका

परभणी, पूर्णा, जिंतूर, गंगाखेड येथून आपले उपासक-उपासिका बुद्धगया-सारनाथच्या यात्रेला जातात. सारनाथच्या मूलगंधकुटी विहारासमोर सगळेच फोटो काढतात. हा विहार अनागारिक धम्मपालांनी उभारला, हे आपल्याला ठाऊक असते. पण धम्मपालांच्या मागे पैशाने कोण उभे होते, हे क्वचितच कोणी सांगते. म्हणून आज आम्ही मेरी फॉस्टर यांच्याविषयी लिहीत आहोत.

मेरी यांचा जन्म १८४४ साली प्रशांत महासागरातील हवाई बेटांवर, होनोलुलूत झाला. वडील जेम्स रॉबिन्सन हे इंग्लंडहून आलेले जहाजबांधणी करणारे. आई रेबेका हवाईच्या मूळ लोकांतील सरदार घराण्याच्या वंशातली. जहाजांच्या धंद्यातून वडिलांनी संपत्ती आणि जमिनी मिळवल्या. त्यांचा वारसा मेरी आणि भावंडांकडे आला. पती थॉमस फॉस्टर यांचाही जहाज वाहतुकीचा मोठा व्यवसाय होता. १८८९ मध्ये ते वारले. मूल नव्हते. पैसा भरपूर, पण मनाला शांती नाही, अशी त्यांची अवस्था होती.

जानेवारी १८९३ मध्ये गोऱ्या व्यापाऱ्यांनी आणि मळेवाल्यांनी अमेरिकी सैनिकांच्या आधाराने हवाईची राणी लिलिउओकलानी यांची सत्ता उलथवली. मेरी यांच्या आईच्या लोकांचे राज्य डोळ्यांदेखत गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शिकागोच्या सर्वधर्म परिषदेहून परतणारे धम्मपाल यांचे जहाज होनोलुलूला थांबले. त्या वेळी धम्मपाल २९ वर्षांचे, मेरी ४९ वर्षांच्या. थिऑसॉफीचा अभ्यास करणाऱ्या मेरी त्यांना भेटायला बंदरावर गेल्या. आपला राग आवरत नाही, ही अडचण त्यांनी मोकळेपणाने सांगितली. धम्मपालांनी बुद्धाच्या शिकवणीनुसार मन आवरण्याचा मार्ग समजावला. भेट अगदी थोडा वेळ झाली, पण त्यांची मदत पुढे ३७ वर्षे, मरेपर्यंत चालू राहिली.

त्यांच्या पैशातून काय उभे राहिले ते पाहा. कोलंबोत वडिलांच्या स्मरणार्थ गरिबांसाठी मोफत दवाखाना. त्यासाठी त्यांनी ६० हजार रुपये दिले. कोलकात्यात महाबोधी सोसायटीची जागा आणि १९२० मध्ये खुला झालेला धर्मराजिक विहार. श्रीलंकेतील शाळा. होनोलुलूत जपानी स्थलांतरितांच्या होंगवांजी विहारालाही त्यांनी हात दिला. त्यांतले बहुतेक उसाच्या मळ्यांवर राबणारे मजूर. आणि सारनाथचा विहार. १९ डिसेंबर १९३० रोजी त्या वारल्या. विहार खुला झाला ११ नोव्हेंबर १९३१ रोजी. राहत्या घराची बाग त्यांनी होनोलुलू शहराला देऊन टाकली. आज ते सार्वजनिक उद्यान आहे आणि तिथे बोधिवृक्ष आहे.

त्यांनी सांभाळलेल्या महाबोधी सोसायटीच्याच मासिकात १९५० साली बाबासाहेबांचा बुद्ध आणि त्याच्या धम्माच्या भवितव्यावरचा लेख आला. नोव्हेंबर १९५६ मध्ये, महापरिनिर्वाणाच्या काही दिवस आधी, बाबासाहेब सारनाथला जाऊन आले. म्हणजे या बाईंच्या दानाचा धागा आपल्यापर्यंत पोहोचतो.

आपल्याकडे कोणी मेरी फॉस्टर नाही, हे खरे. आपल्या वस्त्यांत दान येते ते मोंढ्यातल्या हमालीतून, शेतमजुरीतून, बचत गटातून, पगारातून. पण तेही थोडे नसते. प्रश्न आहे तो खर्चाचा. वर्गणी जमली की आधी फरशी, कमान आणि देणगीदारांची पाटी. अभ्यासिका, पुस्तके, दवाखाना, मुलींची फी हे विषय पुढच्या बैठकीवर जातात. विसाखेपासून मेरीपर्यंत धम्माला बायकांनी सांभाळले. आपल्याकडेही घरोघर फिरून वर्गणी गोळा करतात त्या आपल्या आया-बहिणी. मात्र विहार समितीत, जिथे पैसा कुठे जाईल हे ठरते, तिथे किती जणी बसतात?

तरुण मित्र-मैत्रिणींना आमचे सांगणे एवढेच : पुढच्या समितीच्या बैठकीत दोन प्रश्न विचारा. आपला विहार वंदनेनंतर दिवसभर कोणाच्या उपयोगी पडतो? आणि हिशोबाच्या वहीवर सही करणारी एक तरी बाई आहे का? उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.

जय भीम, नमो बुद्धाय.