साताऱ्याचे न्यायमूर्ती आणि आपल्या सीट्स

एटीकेटीचा नियम विधानसभेत मंजूर झालेला नाही, हे आपल्यापैकी कितीजणांना माहीत आहे? विधानसभा विद्यापीठाचा कायदा करते आणि बारीकसारीक नियम करायचा अधिकार विद्यापीठाला देते. सरकारी नोटिफिकेशनचंही तसंच. पण दिलेल्या अधिकाराची हद्द ओलांडली तर? मग कोर्ट जाब विचारतं. हे काम चोख करणारे एक न्यायमूर्ती आपल्या शेजारच्या साताऱ्यात जन्मले, प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर.

त्यांचा जन्म १६ मार्च १९०१ चा. घरात संस्कृत विद्येची परंपरा. धारवाड आणि पुण्यात शिक्षण झाल्यावर १९२६ पासून त्यांनी मुंबईत वकिली केली. १९४५ ला ते मुंबई हायकोर्टाचे आणि १९५७ ला सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश झाले.

१९६० साली त्यांच्यापुढे १९४८ च्या मुंबई कूळ कायद्याची केस आली. कायद्याने खंडाची कमाल मर्यादा ठरवली होती, पण ती आणखी खाली आणायचा अधिकार सरकारला दिला होता. जमीनमालक म्हणाले, विधिमंडळाने स्वतःचं कामच सरकारवर सोपवलं! अमेरिकेत तर १९३५ साली सुप्रीम कोर्टाने असे मोकळे अधिकार देणारे कायदे रद्द केले होते. इंग्लंडमध्ये कोर्ट पार्लमेंटचा कायदा रद्द करत नाही, पण त्याखालचा नियम हद्दीबाहेर गेला तर तो रद्द करतं. गजेंद्रगडकरांनी कायद्याचा हेतू तपासला. कुळाची स्थिती सुधारायची हे त्यात स्पष्ट होतं, म्हणजे सरकारला दिशा दिलेली होती. अधिकार टिकला. न्यायमूर्ती सुब्बा राव यांना मात्र हे पटलं नाही, त्यांनी वेगळा निकाल दिला. कवठे महांकाळसारख्या कोरडवाहू भागात खंड कमी होणं म्हणजे काय, हे आजोबांना विचारा.

दोनच वर्षांनी, १९६२ साली, चक्क इंजिनिअरिंग आणि मेडिकलच्या अॅडमिशनची केस आली. म्हैसूर सरकारने घटनेच्या कलम १५(४) च्या आधारे एका आदेशाने ६८ टक्के सीट्स राखीव केल्या होत्या. आरक्षणाचा अधिकार गजेंद्रगडकरांनी मान्यच केला. पण मागासलेपण फक्त जातीवर ठरवणं आणि एवढं मोठं प्रमाण, हे त्या अधिकाराच्या बाहेरचं आहे असं सांगून तो आदेश रद्द केला. आरक्षण साधारणपणे ५० टक्क्यांच्या आत असावं, ही चर्चा तिथूनच सुरू झाली.

एक अधिकार टिकवला, एक आदेश पाडला. पण प्रश्न दोन्हीकडे एकच: अधिकार कुठपर्यंत दिलाय?

१९६४ ते ६६ ते भारताचे सरन्यायाधीश होते. नंतर मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले, म्हणजे आता स्वतःच नियम करणाऱ्यांच्या खुर्चीत! १२ जून १९८१ ला त्यांचं निधन झालं.

नोटीस बोर्डावर नवा नियम लागला की आपण आधी चिडतो. त्याआधी तो कोणत्या अधिकाराने केलाय, हे वाचायची सवय लावू या. गजेंद्रगडकरांकडून एवढं तरी नक्कीच शिकता येईल.