ऑटो लिलिएन्थाल

पक्ष्यांप्रमाणें आकाशांत विहार करावा, ही मनुष्याची फार जुनी इच्छा. तिच्यासाठीं प्राण वेंचणाऱ्या एका इंजिनिअराचें चरित्र आम्ही वाचकांस थोडक्यांत सादर करितों.

लिलिएन्थाल यांचा जन्म २३ मे १८४८ रोजीं प्रशियांतील आंक्लाम गांवीं झाला. बाळपणीं ते व त्यांचे धाकटे बंधु गुस्टाव्ह करकोच्यांचें उड्डाण न्याहाळीत. पुढें त्यांनीं बर्लिन येथें बॉयलर व वाफेचीं इंजिनें यांचा कारखाना काढिला. फुरसतीचा वेळ मात्र पंखांच्या अभ्यासांत घालविला. वाऱ्याचा दाब वर्षानुवर्षें मोजून त्यांनीं १८८९ मध्यें आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि मगच १८९१ मध्यें स्वतः उड्डाणास आरंभ केला.

त्यांच्या विमानास इंजिन नव्हतें. विलोच्या काठ्यांचा सांगाडा व त्यावर ताणलेलें सुती कापड, एवढेंच साहित्य! पाय अधांतरीं सोडून, अंगाचा भार इकडेतिकडे झुकवून ते तोल सांभाळीत. १८९४ मध्यें त्यांनीं बर्लिननजीक १५ मीटर उंचीची वाटोळी टेकडी मुद्दाम रचविली. त्यामुळें वारा कोणत्याहि दिशेचा असो, त्यास सामोरें होऊन उडतां येई. सुमारें २००० उड्डाणें त्यांनीं केलीं. सर्वांत लांबचें २५० मीटरांचें होतें.

९ ऑगस्ट १८९६ रोजीं त्यांचें विमान हवेंत अडखळून सुमारें १५ मीटरांवरून कोसळलें व दुसरे दिवशीं त्यांचा अंत झाला. पण त्यांचे प्रयोग राइट बंधूंस मार्गदर्शक झाले, आणि १९०३ मध्यें इंजिनाचें विमान उडालें. आजहि हँग ग्लायडरचे शौकीन अंगाचा भार झुकवूनच दिशा बदलतात.

ईश्वरानें दिलेल्या बुद्धीचा असा धीरानें उपयोग करणें, हाच या चरित्राचा बोध होय. धाडस पुष्कळांस असतें. आधीं मोजून मग उडी घेणारे थोडे!